सूचना शटरच्या आत! बँकेच्या ‘शाखा बंद’ मेसेजचा आठ महिन्यांचा अनुभव

दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी 2015 पासून सगळ्यांना पाठ आहे. 1 एप्रिलला हिशेबासाठी व्यवहार बंद, हेही माहीत असतं. त्या सुट्ट्यांचे मेसेज ॲपवर वेळेत येतात, तक्रार नाही. मला हवी होती ती अचानक बंदची खबर, आणि नेमकी तीच चुकली.

आईला लॉकर उघडायचा होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कसंबसं रिक्षात बसवून नेलं, तर शटर खाली. सूचना लावली होती, पण आतल्या काचेच्या दारावर! शटरच्या फटीतून कागदाची फक्त एक कड दिसत होती. ‘वीजबिघाडामुळे शाखा बंद’ हा मेसेज आला 10.50 ला, आम्ही परतीच्या वाटेवर असताना. आई काही बोलली नाही. मला मात्र फार लागलं.

ऐनवेळची सुट्टी मी समजू शकतो. 6 फेब्रुवारी 2022 च्या रविवारी लताबाई गेल्या आणि सोमवारी राज्यात सुट्टी जाहीर झाली. रिझर्व्ह बँकेनेही पतधोरण समितीची बैठक एक दिवस पुढे ढकलली. तिथे शाखा तरी काय करणार? पण संपाची नोटीस 14 दिवस आधी द्यावी लागते, तरी त्याचा मेसेज आदल्या रात्री का?

‘सगळं ऑनलाइन होतं की’ म्हणणाऱ्यांसाठी: 1 ऑगस्ट 2021 पासून कर्जाचा ऑटो-डेबिट हप्ता सुट्टीच्या दिवशीही कापला जातो. जो रोख भरून खात्यात शिल्लक ठेवतो, त्याला काउंटर बंद असल्याचं आधी कळलं नाही तर हप्ता बाउन्स होतो आणि दंड त्याच्याच माथी.

सुधारणा: हे एक स्टार देऊन लिहून ठेवलं होतं, पण तीन करतोय. लेखी तक्रारीनंतर गेल्या महिन्यात दुरुस्तीसाठी शाखा बंद होती, तेव्हा आदल्या दिवशी दुपारीच मेसेज आला. कधी उघडणार, जवळची कुठली शाखा चालू, सगळं त्यात. शाखेतून आईला फोनही आला. मनापासून बरं वाटलं.

उरलेले दोन स्टार त्या कागदासाठी राखून ठेवलेत. काल पाहिलं, अजून शटरच्या आतच आहे. शेजारी एटीएमचं दार चोवीस तास उघडं असतं, तिथे लावा एवढंच सांगून आलोय.