साताऱ्यात शिवलेलं शीड: शिवण पक्की, कड मात्र आखून द्या

घरी प्लायवूडची होडी बांधणारा सांगाडा, इपॉक्सी, फायबरची पट्टी यांत महिने घालवतो आणि शिडाकडे सगळ्यात शेवटी वळतो. तयार शीड मागवायचं तर मुंबई-गोव्याकडे पाहावं लागतं. म्हणून साताऱ्यात ट्रकच्या ताडपत्र्या आणि मंडपाचं कापड शिवणाऱ्या एका दुकानाकडून शिवलेलं शीड, आणि शहरातल्या साध्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारं बाकीचं सामान, यांचं हे परीक्षण. होडी आठ फुटी, शीड चौकोनी, वर-खाली काठी असलेलं, म्हणजे लग जातीचं. या शिडाला डोलकाठी आखूड चालते आणि बाजूचे ताण-दोर लागत नाहीत. पहिल्या होडीला हेच घ्यावं.

मापं अशी: पुढची कड 1.40 मीटर, वरची 2.30, खालची 2.50, मागची 3.32. पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून शेंड्यापर्यंतचा (म्हणजे मागच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचा) कर्ण 3.52 आणि दुसरा कर्ण 2.82. क्षेत्रफळ साधारण 5 चौरस मीटर. दोन्ही कर्ण लिहून दिल्याशिवाय काम टाकू नका. नुसत्या चार बाजूंवरून चौकोन कसाही तिरपा होतो.

कापड म्हणून एचडीपीईची ताडपत्री घ्यावी, 150 ते 200 जीएसएमची (चौरस मीटरला तितके ग्रॅम), 12 बाय 15 फुटांची. शेततळ्याचा कागद घेऊ नये, तो जड असतो आणि घडीवर कायमची सुरकुती धरतो. दुकानात ताडपत्री पसरल्यावर शिडाची मागची कड विणीच्या उभ्या धाग्याला समांतर येते ना, हे स्वतः उभं राहून बघावं. वाऱ्याचा सगळ्यात जास्त ताण त्याच कडेवर येतो. ती तिरकी कापली गेली तर दोन-तीन फेऱ्यांतच ताणून लोंबते आणि फडफडायला लागते. कारागीर कापड वाचवायला सवयीने तिरकं मांडतात. उरलेल्या पट्ट्यातून कोपऱ्यांचे जोड निघतात, त्यामुळे फारसं वाया जात नाही.

शिवणीला या दुकानाला पैकीच्या पैकी गुण. पॉलिस्टरचा जाड दोरा, दुहेरी शिवण, दोन रांगांत एक सेंटिमीटर अंतर. टाका 4 ते 5 मिलिमीटरचा सांगावा. बारीक टाका मजबूत वाटतो, पण ताडपत्रीला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि तिथूनच ती फाटते. सुती दोरा मात्र नाकारा, पाण्यात तो कुजतो.

दुकान कमी पडतं ते कडांच्या आकारात. ताडपत्री शिवणाऱ्याचं कसब कड सरळ ठेवण्यात असतं, आणि शिडाला नेमकी ती सरळ चालत नाही. वरची कड मध्यावर 6 सेंटिमीटर बाहेर फुगलेली हवी, कारण बांबूची काठी वाऱ्यात वाकते आणि हा फुगवटा तिथे खर्च होतो. उरलेल्यातून शिडाला पोट येतं. मागची कड उलट 4 सेंटिमीटर आत हवी. पुढची सरळ. तोंडी सांगून हे होत नाही. जमिनीवर खिळे ठोकून, लवचिक पट्टी वाकवून खडूने रेघ आखून द्यावी आणि ‘दुमड याच रेघेवर’ असं सांगावं, नाहीतर दुमडताना कारागीर फुगवटा छाटून टाकतो. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत ब्लाउजला घालतात तसे टक्स, 2 सेंटिमीटर रुंद आणि 45 लांब, हे मात्र त्यांना एका सांगण्यात समजतं आणि उत्तम जमतं.

कोपऱ्यांना ताडपत्रीचे चार थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा. एकाच मापाचे थर लावले तर ताण जोडाच्या कडेवर येऊन थांबतो. आयलेट, म्हणजे दोर ओवायच्या भोकाची कडी, पितळी घ्यावे. वरच्या कडेला दर 25 सेंटिमीटरवर एक, म्हणजे दहा. खालची कड बूमला, म्हणजे खालच्या काठीला, फक्त दोन टोकांना बांधायची. खालच्या कडेपासून 60 सेंटिमीटर वर आयलेटची आणखी एक रांग त्याच वेळी मारून घ्या. वारा वाढला की तिथवर शीड दुमडलं की ते साडेतीन चौरस मीटर उरतं. कण्हेर, उरमोडी, धोम, बामणोलीकडचा शिवसागर, सगळे जलाशय डोंगरांच्या कुशीत आहेत, त्यामुळे वारा एकसारखा वाहत नाही. खिंडीतून अचानक झोत येतो. ही रांग टाळून पैसे वाचवू नयेत.

वरच्या काठीला मानवेल बांबू चांगला. तो बहुतेक भरीव आणि बारीक असतो. डोलकाठी 3.20 मीटरची.

आता दोर. इथे बाजार फसवतो. दुकानदार पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी पुढे करतो, पण ती उन्हात भुरभुरते आणि गाठ धरत नाही. नायलॉनचा कासरा बैलाला ठीक, शीड चढवायला नाही. तो ताणतो आणि चढवलेली काठी अर्ध्या तासात खाली येते. विणलेली पॉलिस्टरची दोरीच मागा: चढवायला 6 मिलिमीटरची 7 मीटर, बूम खाली ओढायला तीच 4 मीटर, हातात धरायला 8 मिलिमीटरची 7 मीटर, आणि बांधायला 4 मिलिमीटरची 5 मीटर. टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या.

कपडे वाळवायच्या सिलिंग स्टँडच्या कप्प्या स्वस्त पडतात, पण खाली ओढायच्या दोराला त्या अजिबात वापरू नयेत. आतली लोखंडी पिन वाकते, गंजते आणि चाक अडकतं. हा दोर या शिडाचा प्राण आहे. स्टीलच्या दोन कप्प्या लावून तिप्पट जोर मिळेल असा तो डोलकाठीच्या पायाशी बांधावा. गोड्या पाण्यात 304 स्टील पुरतं.

जुळवणी करताना चढवायचा दोर वरच्या काठीला पुढच्या टोकापासून 92 सेंटिमीटरवर बांधावा, आणि बूम डोलकाठीच्या पुढे 40 सेंटिमीटर काढावी. दहा आयलेट दहा सुट्या दोऱ्यांनी बांधा. एकच दोर गुंडाळत नेला तर एका ठिकाणी सुटला की सगळा सैल होतो. वरची काठी डोलकाठीला चिकटून राहावी म्हणून एक फास घालावा. त्यात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे ओवले की तो अडकत नाही.

मग सुरकुत्या वाचायच्या. पुढच्या वरच्या कोपऱ्यातून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे रेघ पडली तर खाली ओढायचा दोर सैल आहे, अजून ओढा. शेंड्यापासून पुढच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत हलकी रेघ मात्र किनाऱ्यावर असावी. शीड भरलं की ती मोडते. भरल्यावरही राहिली तर थोडं सैल करा. सुकाणू सोडताच होडी जोरात वाऱ्याकडे वळत असेल तर अख्खं शीड 5 सेंटिमीटर पुढे सरकवा. हातातला दोर कधीही खुंटीला बांधू नये, झोत आला की तोच सोडायचा असतो. लाइफ जॅकेट आणि जलसंपदा विभागाची परवानगी आधी, शीड नंतर.

दुकानाला पाचपैकी चार. एक गुण गेला कडांसाठी, आणि तो खडूच्या एका रेघेने परत मिळवता येतो. हार्डवेअरच्या सामानाला अडीच, तेही पॉलिस्टरची दोरी मिळते म्हणून.