जैसलमेर: स्वस्त खोली, महाग वाळू आणि 'बॉर्डर परमिट'

दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला जाणाऱ्या आपल्या लोकांची गर्दी बघता हे लिहिणं भागच आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी, झरोका असलेली, गच्चीवरून सोनार किल्ला दिसणारी खोली ऐन हंगामात ७०० रुपयांत मिळत असेल, तर तो खोलीचा भाव नाही हे आधी समजून घ्या. खोली हे आमिष आहे. धंदा आहे तो ४० किलोमीटरवरच्या सम गावच्या वाळूत. खोलीत आलेली तूट तिथे व्याजासकट वसूल होते.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. मालकाने स्वागत झकास केलं. आल्याचा चहा, सासूबाईंना 'माताजी', मुलीच्या हातात बिस्किटं. चहा संपायच्या आत फोटोंचा अल्बम पुढे आला: उंटांची रांग, सूर्यास्त, पांढरेशुभ्र तंबू. "सफारी तो हमसे ही करेंगे ना?" आम्ही म्हटलं, बघू, आधी किल्ला बघतो. तिथून हवा पालटली. संध्याकाळी गिझर बिघडला. टॉवेल मागितले तर मुलगा 'अभी लाया' म्हणून जो गेला तो गेला. रात्री मालक स्वतः येऊन दारात उभा राहिला. बुकिंगमध्ये काहीतरी गडबड झालीय, उद्या ही खोली दुसऱ्याच्या नावावर आहे, पण "सफारीवाले गेस्ट को हम निकालते नहीं." आवाजात इतकं मार्दव की धमकी आहे हे पटकन लक्षातही येऊ नये. सुट्टीच्या गर्दीत वयस्कर माणसाला घेऊन गल्लोगल्ली खोली शोधत कोण फिरणार? त्याचा सगळा हिशोब याच प्रश्नावर उभा असतो.

सौदा ठरला तो असा. समला तंबूत एक रात्र, त्यात उंट, जीप, नाचगाणं, जेवण, नाश्ता, माणशी २,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी तनोटच्या मंदिराला आणि लोंगेवालाच्या युद्धस्मारकाला गाडी, तिचे ४,५०० वेगळे. वर माणशी ४०० रुपये 'बॉर्डर परमिट'चे, कारण तनोट सीमेजवळ आहे. कॅम्पचे अर्धे पैसे, गाडीचे आणि परमिटचे सगळे, तिथल्या तिथे यूपीआयने घेतले. जमा झाले ते एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाच्या नावावर. नवऱ्याने विचारलं, तर म्हणे भावाचं दुकान आहे. बिल मागितलं तर "व्हॉट्सअ‍ॅप पे भेज देता हूँ." ते आजतागायत आलेलं नाही.

समला रस्त्याच्या कडेने कॅम्पच कॅम्प आहेत, एकाला लागून दुसरा. फोटोतला तंबू वाळूच्या टेकडीवर एकटा होता, आणि त्याच्या कोपऱ्यात चुकून एक निळा पाण्याचा ड्रम आला होता. आम्हाला मिळाला तो विटांच्या कुंपणातला, मागे जनरेटर. "वो वाला फुल हो गया, ये अपना ही है." उंटाची सफारी म्हणजे रस्त्यापलीकडच्या वाळूत जाऊन परत, दहा मिनिटांची. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारा एकदम पुढे फेकला जातो. हे कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी खोगिराची खुंटी धरली म्हणून बचावल्या. खरा सूर्यास्त दिसतो तो उंच टेकडी 'आगेवाला पॉइंट', तिचे उंटामागे ३०० वेगळे. जीपमध्ये आमच्यासोबत आणखी एक अख्खं कुटुंब कोंबलं.

उंटवाल्या पोराशी मी बोलत राहिले. त्याच्या सांगण्याप्रमाणे आमच्या २,८०० मधून त्याच्या हातात एका उंटाचे १०० रुपये पडणार होते, तेही महिनाअखेरीस. म्हणून तो 'आगेवाला पॉइंट' गळ्यात मारतो. त्याचा राग नाही येत मला. रात्रीच्या कार्यक्रमातही तेच. मांगणियार लोकगायकांची मंडळी बसली होती, एका म्हाताऱ्या कलाकाराच्या मांडीवर कमायचा हे तंतुवाद्य, शेजारी खडताल, म्हणजे लाकडी पट्ट्या, वाजवणारा पोरगा. काय हात होता त्याचा! दोन गाणी झाली, कालबेलियाचा एक नाच झाला, आणि सूत्रसंचालकाने डीजे लावला. 'युनेस्कोने गौरवलेला' म्हणून जाहिरातीत मिरवलेला कालबेलिया नाच (२०१० साली तो युनेस्कोच्या यादीत गेला हे खरंच आहे) पाच मिनिटांत गुंडाळला, आणि पुढे तासभर हिंदी सिनेमाची गाणी. नाचणाऱ्या बायकांना पाहुण्यांमध्ये फिरवून बक्षिसी मागायला लावतात, ती मात्र वेळेवर.

इथवर आमचे पैसे गेले होते, तरी असं सगळीकडेच होतं म्हणून सोडून दिलं असतं. कडेलोट केला परमिटने.

तनोट जैसलमेरपासून साधारण १२० किलोमीटर, रामगढवरून जायचं. रस्ता सुरेख आहे. पवनचक्क्या, मग नुसती खुरटी झुडपं, मधूनच वाळूचे लोट. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या आवारात पडलेले गोळे फुटलेच नाहीत अशी श्रद्धा आहे. न फुटलेले ते गोळे आजही तिथे मांडून ठेवलेत, आणि मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. नवस बोलून लोक रुमाल बांधतात. सासूबाईंनी त्यासाठी घरून रुमाल आणला होता.

ड्रायव्हरने सकाळी परमिट हातात दिलं होतं. वर अशोकस्तंभ, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून सिंहांचा काळा गोळा झालेला. खाली बॉलपेनने आमची नावं, माझं आडनाव चुकीचं. 'वैधता: एक दिन'. जांभळा गोल शिक्का, त्यात फक्त 'जैसलमेर' एवढंच वाचता येत होतं; कुठलं कार्यालय, कोणाची सही, काही नाही. मंदिराजवळ सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाला मी तो कागद मोठ्या अदबीने दाखवला. त्याने उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "ये कितने में दिया?" म्हणजे असे कागद त्याने आधीही बघितले होते. "माताजी, मंदिर तक अपने लोगों को कोई परमिट नहीं लगता."

ही थाप पचते, कारण तिच्यात थोडं खरं आहे. परदेशी पाहुण्यांना सीमेकडच्या बऱ्याच भागात जायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्यालाही तनोटच्या पुढे, अगदी सीमेवर जायचं तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी हवी. पण मंदिर, आणि १९७१ च्या लढाईचं लोंगेवाला स्मारक, इथे भारतीय माणूस ओळखपत्र खिशात ठेवून सरळ जातो. आधार कार्ड जवळ असू द्या, एवढंच.

लोंगेवालाही ड्रायव्हर गाळायला निघाला होता. रस्त्याचं काम चाललंय म्हणे, वळसा घ्यावा लागेल, हजार रुपये जादा. नवऱ्याने स्मारकाकडून येणाऱ्या एका गुजराती कुटुंबाला थांबवून विचारलं. रस्ता मोकळा होता. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या जेमतेम सव्वाशे जवानांनी रात्रभर रणगाडे थोपवून धरले ती जागा, सकाळी विमानांनी टिपलेले पाकिस्तानी रणगाडे, सगळं निवांत बघितलं. ड्रायव्हर गाडीत फुगून बसला होता. बसू दिला.

परत आल्यावर मालकाचा सूर नवा होता. कॅम्प त्याचा नाहीच, तो फक्त 'मदत' करतो, पैसे भावाकडे गेले, भाऊ बाहेरगावी. आम्ही पर्यटन खात्याच्या स्वागत केंद्रात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे पहिला प्रश्न विचारला: बिल आहे? तंबूचं नाही, उंटाचं नाही, जीपचं नाही. कागदावर आमच्याकडे एकच गोष्ट होती, ते खोटं परमिट. ते बघून मात्र गृहस्थ खुर्चीत सरळ बसले. त्यांनी एक फोन लावला, हिंदी सोडून मारवाडीत काहीतरी बोलले, आणि तासाभरात तोच टॉवेलवाला मुलगा रोख १,६०० रुपये घेऊन आला. कागद परत मागत होता. दिला नाही. सफारीच्या पैशांतला मात्र एक रुपया सुटला नाही: तंबू दिला होता, उंट दिला होता, दहा मिनिटांचा असला म्हणून काय झालं.

या टोळीची शिस्त बघण्यासारखी आहे. जिथे नुसती लूट आहे तिथे कागद नाही. लोभाने त्यांनी सरकारी शिक्क्याला हात लावला तेवढाच धागा आपल्या हाती लागला. तेव्हा असा कुठलाही 'परमिट', 'एंट्री पास', 'इको चार्ज' कोणी टेकवला तर भांडत बसू नका, मूळ कागद जपून ठेवा, फोटो काढा आणि तोच पुढे करा. पैसे यूपीआयने गेले असतील आणि माणूस गायब झाला असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच, त्याच दिवशी फोन करा. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि खरं सांगायचं तर समला पॅकेज लागतच नाही. गावातून टॅक्सी ठरवा, वाटेत पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव कुलधरा बघा, दुपार टळल्यावर समला पोचा आणि उंटवाल्याशी थेट बोला: किती वेळ, कुठपर्यंत, एकूण किती. पैसे त्याच्याच हातात द्या. अंधार पडल्यावर जेवायला गावात परत. वाळूत मुक्काम करायचाच असेल तर खुडी गावाकडे गर्दी कमी असते, पण तिथेही तंबूचा त्याच दिवशीचा व्हिडिओ मागवा, रस्ता दिसेल असा. किल्ल्यात माणसं राहतात, तो काही तिकीट काढून बघायचा किल्ला नाही. तिकीट आहे ते आतल्या राजवाड्याच्या संग्रहालयाला. दारातच 'किल्ल्याचं तिकीट' विकणारा भेटला तर पुढे चालू लागा. गाईड घ्यायचा तर गळ्यातलं सरकारी ओळखपत्र नीट वाचा, नुसतं लटकलेलं बघून भुलू नका.

खोलीवाल्याबद्दल आम्ही परीक्षण लिहिलं होतं. महिन्याभरात ते नाव बुकिंगच्या अ‍ॅपवरून नाहीसं झालं. परवा एका मैत्रिणीने जैसलमेरच्या एका खोलीची लिंक पाठवली, ६५० रुपये, नाव वेगळं, सफारीचे फोटोही जोडलेले. तिसऱ्या फोटोत टेकडीवरचा एकटा तंबू आहे, आणि कोपऱ्यात निळा ड्रम.