डिस्क पुसायला रँडम की यूरँडम?

जुनी हार्ड डिस्क विकण्याआधी लिनक्सवर डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने ती रँडम बाइट्सच्या कचऱ्याने भरायची, पण कचरा आणायचा कुठून? लिनक्समध्ये तो दोन फाइली पुरवतात, डेव्ह-रँडम आणि डेव्ह-यूरँडम. रँडम पूर्वी भलताच कंजूष: एन्ट्रॉपी (माउस, कीबोर्ड वगैरेंच्या हालचालींतून गोळा केलेली अनिश्चितता) आटली की ठप्प. माउस हलवत बसा, बाइट्स थेंब थेंब येणार. 500 जीबी भरायला जन्म गेला असता. यूरँडम मात्र अडत नाही, आणि 2016 च्या 4.8 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्याच्या पोटात चाचा-20 (हिंदीतला काका नव्हे, एक वेगवान सायफर, म्हणजे कूटलेखनाची पद्धत) असल्याने वेगही बरा.

2020 च्या 5.6 पासून रँडमही एकदा सुरू झाला की थांबत नाही. तरी मी यूरँडमच लिहितो. डिस्क पुसताना लिनक्स जिच्यावरून सुरू करतो त्या जुन्या रेस्क्यू सीडीवर कोणता कर्नल निघेल, नेम नाही. एसएसडीला दोन्ही कुचकामी: राखीव सेल्सपर्यंत डीडी पोचतच नाही, तिथे सिक्युअर इरेज, म्हणजे एसएसडीची स्वतःचीच पुसायची आज्ञा.