रोमन डिनेरियस घेताय? आधी कडेचा फोटो मागा

780 पौंड. वर टपालाचे 14. चार खोट्या डिनेरियसवर, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यांवर, एवढे पैसे घालवून बसलोय. इथे लंडनात नाणी जमवणारी आपली बरीच मंडळी आहेत, म्हणून हे लिहितोय.

सम्राट अँटोनायनस पायसने (138–161) रोमच्या लोकांना नऊदा पैसे वाटले आणि खेपेचा आकडा नाण्यांवर पाडला. मागे बहुधा दानशूरपणाची देवी लिबरालितास: एका हातात नाणी मोजायची फळी, दुसऱ्यात फळांनी भरलेलं शिंग. पाच आकडे माझ्याकडे होते. उरलेले नेमके चार एका विक्रेत्याकडे निघाले, ‘एका जुन्या संग्रहातले’!

चौथ्या दानाच्या दोन नगांचे फोटो त्याने पाठवले, ‘हवा तो घ्या’ म्हणून. दोन्हींना देवीच्या डोक्याशी, त्याच जागी, तशीच चीर. अहो, ठसा एक असू शकतो; नाणी ठशावर चकती ठेवून हातोड्याने पाडत. पण हातोड्याखाली प्रत्येक चकती आपापली तडकते. दोन नाण्यांना एकच चीर म्हणजे एकाच नाण्यावरून काढलेल्या नकला. मला ती चीर दिसली होती! आणि मी ‘एकाच ठशाची जोडी’ म्हणून खूश. पण भाव बाजाराहून जेमतेम कमी होता, सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र. फुकटच्या लोभाने धावलो नव्हतो मी. (विकणाऱ्यानेच दिलेलं प्रमाणपत्र रद्दीत घाला.)

घरी तोलली. खरा डिनेरियस सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरतो, ही 2.6. भिंगाखाली कडेवर कानशीचे ओरखडे, अक्षरांच्या बेचक्यात बारीक फुगे. म्हणजे पाडलेला नव्हे, साच्यात ओतलेला माल.

पैसे थेट खात्यात भरू नका. क्रेडिट कार्डाने 100 पौंडांवरची वस्तू घेतली तर ब्रिटनच्या 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं (Consumer Credit Act) कलम 75 कार्ड देणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरतं. मी थेट खात्यात भरले होते; माझी बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, हा तुमचा दोघांचा दिवाणी वाद. पोलिसांकडून तक्रार क्रमांक आला, पुढे शुकशुकाट. फोन केला तर बाई विचारतात, ‘नाणी जुनी नाहीत हे तुम्ही कसं सिद्ध करणार?’ म्हणजे तेही मीच करायचं! चालू पौंड कुणी खोटा पाडला असता तर धावले असते सगळे. ग्राहक तक्रारवाल्यांनी परत बँकेकडे धाडलं, आणि बँकेने ‘सदिच्छा’ म्हणून 25 पौंड टाकले. अँटोनायनसनंतरचं दहावं दान!

विक्रेता आता म्हणतो, आधी नाणी परत पाठवा, मग बघू. पाठवणार नाही. गेली की पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या गळ्यात मारेल.