मेमरी कार्ड, एसएसडी की मिनी पीसी? होम असिस्टंट कशावर चालवावं

वळवाच्या पावसात नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूला संध्याकाळी लाइट दोन-तीनदा ये-जा करते आणि त्यानंतर रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय') उठतच नाही, म्हणजे घरातले दिवे-सेन्सर सांभाळणारा होम असिस्टंट हा प्रोग्रॅम ज्यावर चालतो तो छोटा कॉम्प्युटर. दोष मेमरी कार्डावर जातो, आणि 'एसएसडी टाका', म्हणजे कॉम्प्युटरची वेगवान डिस्क लावा, हा सल्ला ठरलेला. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. कार्ड दोन कारणांनी जातं: सततच्या लिहिण्याने झिजून, किंवा लिहिणं चालू असताना वीज तुटून. एसएसडी पहिल्या कारणावर पक्का इलाज आहे. दुसऱ्यावर नाही, कारण घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं काम संपवण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर सहसा नसतात.

मेमरी कार्ड

होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरचा प्रत्येक बदल एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहितं, मूळ सेटिंगनुसार दर ५ सेकंदांनी. नोंद शे-दोनशे बाइटची असली तरी कार्डाला आतून बराच मोठा ब्लॉक पुसून पुन्हा लिहावा लागतो. झीज होते ती यातून. व्होल्टेज, करंट, वॅट असे आकडे सेकंदासेकंदाला पाठवणारे स्मार्ट प्लग घरात असतील तर कार्डाचं आयुष्य झपाट्याने घटतं.

दहा-पंधरा दिवे आणि दोन-चार सेन्सर एवढाच पसारा असेल तर कार्ड चालेल. मात्र सीसीटीव्हीसाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्स कार्ड घ्या. नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये कमिट इंटरव्हल (किती वेळाने लिहायचं ते) ५ वरून ३० सेकंदांवर न्या आणि वॅट-व्होल्टेजचे नकोसे सेन्सर वगळा. हिस्ट्री एकाएकी रिकामी दिसली आणि कॉन्फिग फोल्डरमध्ये नावापुढे 'करप्ट' लागलेली डेटाबेस फाइल सापडली, तर ती धोक्याची घंटा समजा.

पेन ड्राइव्हच्या वाटेला जाऊ नका. तापतो, आणि झीज सांभाळणारा त्याचा कंट्रोलर बहुतेक वेळा कार्डापेक्षा बरा नसतो.

पाय ४ आणि साटा एसएसडी

बहुतेक घरांना हाच पर्याय पुरतो: पाय ४ ला यूएसबीतून जोडलेली साटा, म्हणजे जुन्या धर्तीची एसएसडी. २४० जीबीच्या साध्या एसएसडीवर ८० टीबी लिहिण्याची हमी मिळते. रोज ५ जीबी लिहिलं जातं असं धरलं तरी वर्षाला १.८ टीबी, म्हणजे कागदावर ४४ वर्षं. तेवढ्यात तीन पाय आणि पाच अडॅप्टर बदलून झालेले असतील.

खरी गोम अडॅप्टरमध्येच आहे. साटा ते यूएसबी अडॅप्टरच्या आतली चिप कोणती, ते बॉक्सवर क्वचितच लिहिलेलं असतं. काही चिप यूएएस या वेगवान पद्धतीत पायशी नीट जुळत नाहीत: बूट अडकतं, किंवा दोन दिवस चालून डिस्क गायब होते. दुकानातून घेताना बदलून मिळेल का, ते आधी विचारा. बदलता येत नसेल तर बूट पार्टिशनमधल्या कमांडलाइन फाइलमध्ये त्या चिपच्या आयडीसकट यूएसबी-स्टोरेज क्वर्कची (अपवादाची) नोंद करून यूएएस बंद करता येतं. नोंद त्याच एका ओळीत हवी. नवी ओळ केलीत तर ती वाचलीच जात नाही. वेग थोडा कमी होतो, पण डिस्क टिकून राहते.

दुसरा घोळ पॉवरचा. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपियरच देतात. त्यात मोबाइलचा चार्जर आणि बारीक वायर असली की व्होल्टेज पडतं आणि डिस्क सुटते. ५ व्होल्ट ३ अँपियरचा पायसाठीचाच अडॅप्टर वापरा. होम असिस्टंटमध्ये पॉवर सप्लाय तपासणारं इंटिग्रेशन आहे, त्याचा इशारा आला तर दुर्लक्ष करू नका.

आणि झिगबी, म्हणजे सेन्सरांची बिनतारी भाषा! एसएसडी लावली त्याच दिवसापासून दरवाजाचे सेन्सर जोडणीतून गळायला लागले, तर झिगबीचा यूएसबी डोंगल खराब नाही. यूएसबी ३ च्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो आणि झिगबी तिथेच बोलतं. एसएसडी निळ्या पोर्टमध्ये ठेवा. डोंगल मात्र मीटरभर एक्स्टेन्शन केबलने काळ्या पोर्टमध्ये, पायपासून दूर. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

पाय ५ आणि एनव्हीएमई

एनव्हीएमई ही बोर्डाला थेट जोडायची एसएसडी. यूएसबी अडॅप्टर मधून गेला, हा मोठा फायदा. वेगाचा फरक मात्र होम असिस्टंटला फारसा जाणवत नाही. ५ अँपियरचा सप्लाय घ्या. ३ अँपियरच्या सप्लायवर पाय ५ यूएसबीला सगळे मिळून फक्त ६०० मिलिअँपियर देतो. बंद डब्यात, मे महिन्यातल्या नाशिकच्या उन्हाळ्यात एनव्हीएमई तापते, म्हणून हीटसिंक आणि फॅन हवाच.

जुना मिनी पीसी

कॅमेरे जोडायचे असतील, त्यांचं रेकॉर्डिंगही करायचं असेल, तर थेट इकडे या. एसएसडी आतच, अडॅप्टरची कटकट नाही. पाय ४ आणि एसएसडी मिळून साधारण ५ वॅट खातात, मिनी पीसी १० वॅट धरला तर वर्षाला ४४ युनिट जास्त. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद करा आणि वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय चालू करा. ही दुसरी गोष्ट राहिली तर प्रत्येक भारनियमनानंतर कुणालातरी बटण दाबायला जावं लागेल. सेकंडहँड डिस्कची हेल्थ विकत घेण्याआधीच तपासा.

विजेचं काय?

घरच्या इन्व्हर्टरच्या मागे बहुधा यूपीएस मोडचा स्विच असतो, तो चालू ठेवा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ पायला रीस्टार्ट करायला पुरेसा असतो. राउटरचा मिनी यूपीएस १२ व्होल्ट देतो, पायला ५ हवेत, तेव्हा मध्ये व्होल्टेज उतरवणारा किमान ३ अँपियरचा बक कन्व्हर्टर लावा. पॉवर बँकवर भिस्त ठेवू नका. बऱ्याच पॉवर बँक चार्जिंग तुटताना क्षणभर आउटपुटही तोडतात.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या पंपघरात ठिबक आणि मोटर चालवायची असेल, तर क्रम उलटा धरा: आधी यूपीएस, मग एसएसडी. तिथे एनव्हीएमईपेक्षा पंख्याशिवाय चालणारी साटा बरी, कारण फवारणीची धूळ पंख्यातून आत ओढली जाते.

हलवायचं कसं

सोपा मार्ग: सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, तिथे 'मूव्ह डेटा डिस्क'. एसएसडी कार्डापेक्षा मोठी हवी आणि तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. बूट कार्डावरूनच होतं, पण डेटाबेसचं लिहिणं एसएसडीवर गेल्याने कार्ड निवांत राहतं. यूएसबी बूटला दाद न देणाऱ्या अडॅप्टरसाठी हीच पळवाट.

कार्ड पूर्ण काढायचं असेल तर पाय इमेजरमधून 'यूएसबी बूट' बूटलोडर एका कार्डावर लिहा आणि ते पाय ४ मध्ये घालून चालू करा. हिरवा दिवा एकसारखा लुकलुकायला लागला की काम झालं. मग एसएसडीवर होम असिस्टंट ओएस लिहा आणि पहिल्याच स्क्रीनवर आधी घेतलेला बॅकअप परत चढवा. २०२५ पासून आपोआप होणाऱ्या बॅकअपला एन्क्रिप्शनची किल्ली लागते. ती किल्ली असलेली इमर्जन्सी किट फाइल आधीच फोनवर उतरवून ठेवा, कारण जुन्या कार्डासोबत ती गेली तर बॅकअप असून उघडणार नाही.