जुन्या गेममधले कटसीन जपताना: मूळ फाईल, रूपांतर की रेकॉर्डिंग?

जुन्या गेमच्या सीडी हाताशी आहेत आणि त्यातले कटसीन (खेळात मधे मधे येणारे, गोष्ट पुढे नेणारे प्रसंग) जपायचं मनावर घेतलं आहे, तर वाटा तीन. गेमच्या पोटातली व्हिडिओ फाईल आहे तशी बाहेर काढायची, ती आजच्या फॉरमॅटमध्ये बदलून ठेवायची, किंवा गेम चालवून समोर दिसतंय ते रेकॉर्ड करायचं. तिन्ही करून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: मूळ फाईल हवीच. बाकीच्या दोन वाटा तिच्या जोडीला, तिच्या बदल्यात नाहीत. मूळ फाईलवरून रूपांतर कधीही आणि कितीदाही करता येतं, उलट दिशेने मात्र जाता येत नाही.

हे मला नुकसान सोसून कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गेमचे सगळे व्हिडिओ मी लहान आकारात बदलून घेतले आणि जागा वाचवायला मूळ फाईली पुसून टाकल्या. पुढे त्या संचातली एक सीडी वाचेनाशी झाली. त्या सीडीवरच्या प्रसंगांची माझ्याकडची प्रत आता चेहऱ्यांवर चौकोन उमटलेली आणि रंग फिसकटलेली आहे, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. वाचवलेली जागा तरी किती? ‘फँटसमागोरिया’ (१९९५) सात सीडींवर आला होता. एका सीडीत साधारण ६५० एमबी मावतात, म्हणजे सगळा गेम साडेचार जीबीच्या आसपास.

म्हणून सुरुवात डिस्क इमेजपासून, म्हणजे अख्ख्या सीडीच्या फाईलरूपी प्रतीपासून करा. त्यातही आयएसओ या प्रकारापेक्षा बिन-क्यू ही दोन फाईलींची जोडी घ्या. त्या काळच्या अनेक सीडींवर संगीत स्वतंत्र ऑडिओ ट्रॅकमध्ये असे. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, संगीत मागे राहतं.

मूळ फाईल

व्हिडिओ बहुतेक वेळा मोठ्या गाठोड्यात बांधलेले असतात: ‘डायब्लो’चे एमपीक्यूमध्ये, ‘कमांड अँड कॉंकर’चे (१९९५) मिक्समध्ये, ‘बॉल्डर्स गेट’चे (१९९८) बिफमध्ये. प्रत्येकासाठी गाठोडं सोडणारी साधनं आहेत. ‘बॉल्डर्स गेट’साठी निअर इन्फिनिटी, मिक्ससाठी एक्ससीसी मिक्सर. बाहेर आलेली फाईल कोणत्या जातीची, हे नावावरून कळलं नाही तर हेक्स एडिटरमध्ये (फाईलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारं साधन) उघडा. पहिलीच अक्षरं एस-एम-के दिसली तर स्मॅकर, बी-आय-के दिसली तर बिंक; दोन्ही त्या काळच्या गेममधले व्हिडिओ फॉरमॅट. इंटरप्ले कंपनीच्या एमव्हीई फाईलमध्ये तर ‘इंटरप्ले एमव्हीई फाईल’ असं सरळ लिहिलेलं असतं. ते वाचता आलं की फाईलची जात कळते आणि तिची सुरुवात तरी धड आहे हे कळतं; बाकीची फाईल धड आहे का, ते चालवूनच बघा.

या वाटेचा तोटा एवढाच की अशी फाईल फोनवर किंवा साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. पण एफएफएमपेग हा व्हिडिओ वाचणारा आणि बदलणारा प्रोग्रॅम स्मॅकर, बिंक, वेस्टवुड कंपनीचं व्हीक्यूए, आयडी कंपनीचं रोक्यू हे सगळं वाचतो, आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. त्यामुळे या फाईली उद्या बंद पडतील ही भीती मला वाटत नाही.

रूपांतर

घोळ होतो तो इथेच, म्हणून जरा थांबून सांगतो. स्मॅकर (१९९४) २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतं. कमी रंगांत जास्त छटा दाखवायला त्या काळी दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून मांडत. एच.२६४ ला (आज सर्रास वापरला जाणारा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) हे ठिपके नकोशा बारकाव्यासारखे वाटतात आणि तो ते पुसतो. शिवाय नेहमीच्या ४:२:० मांडणीत चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद उरते. काळ्यावर लाल अक्षरं असलेली फ्रेम मोठी करून बघा, अक्षरांच्या कडा चिखलात भिजल्यासारख्या दिसतात.

जतनासाठी एफएफव्ही१ कोडेक आणि मट्रोस्का डबा (चित्र, आवाज आणि नोंदी एकत्र ठेवणारी एमकेव्ही फाईल) घ्या. एफएफव्ही१ मध्ये काहीच गळत नाही आणि त्याचं वर्णन २०२१ पासून आरएफसी ९०४३ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला एक) म्हणून प्रसिद्ध आहे. स्मॅकरसाठी आरजीबी (प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग) ठेवा. बिंक मुळातच ४:२:० असतं, तिथे आरजीबीत नेऊन फायदा नाही. स्मॅकर-बिंक बनवणाऱ्या कंपनीचा रॅड व्हिडिओ टूल्स हा पर्याय फुकट आणि माऊसने चालणारा आहे, पण तो मुख्यतः स्वतःच्या स्मॅकर-बिंकपुरता. संग्रह मिसळीचा असेल तर एफएफएमपेगच शिका.

आणखी एक. ३२०×२०० चं चित्र ४:३ च्या मॉनिटरवर दिसायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच. हे विसरलात तर गोल चंद्र चपटा होतो. पण चित्र ताणून नवीन फाईल बनवू नका. गुणोत्तराची नोंद मट्रोस्कात करा, पिक्सेल तसेच राहू द्या. एआयने मोठं केलेलं चित्र तर जतनाच्या प्रतीत नकोच. त्यात मूळ कलाकाराने न काढलेल्या पापण्या आणि सुरकुत्या येतात.

रेकॉर्डिंग

जुने डॉस गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या डॉसबॉक्सचा स्वतःचा रेकॉर्डर काही न गमावता ३२०×२०० मध्येच नोंद करतो, म्हणून स्क्रीन रेकॉर्डरपेक्षा तोच वापरा. पण तो सेकंदाला ७० फ्रेम घेतो. व्हिडिओ १५ फ्रेमचा असेल तर एक फ्रेम कधी चारदा, कधी पाचदा येते. संपादन करणाऱ्याला हे त्रासाचं होतं.

तरीही काही ठिकाणी हीच वाट खरी. सबटायटल गेम स्वतः वरून काढत असेल तर ते व्हिडिओ फाईलमध्ये नसतात. ‘हाफ-लाइफ’सारख्या (१९९८) गेममध्ये प्रसंग इंजिनच जागच्या जागी घडवतं, तिथे काढायला फाईलच नाही. आणि खेळणाऱ्याने नेमकं काय पाहिलं, हे दाखवणारी प्रत हीच.

वेळ कमी असेल तर इमेज आणि मूळ फाईल घेऊन थांबा, ते पुरेसं आहे. व्हिडिओ कापून-जोडून काही बनवायचं असेल तर एफएफव्ही१ ची प्रत जोडा. रेकॉर्डिंग फक्त सबटायटल आणि इंजिनच्या प्रसंगांसाठी. प्रत्येक फोल्डरमध्ये साधी टेक्स्ट फाईल ठेवा: गेमची आवृत्ती, सीडीचा क्रमांक, फाईलचं मूळ नाव, फ्रेमचा वेग, वापरलेलं साधन आणि त्याची आवृत्ती, शेवटी प्रत्येक फाईलचा शा-२५६ (फाईलमधल्या डेटावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा). दुसऱ्या डिस्कवर प्रत नेली की तो आकडा पुन्हा काढून जुळतो का बघा.