जर्दाळू: केशरी घ्यावा की तपकिरी?

नागपुरात इतवारीच्या किराणा बाजारात जर्दाळू मागितला, की दोन प्रकार समोर येतात. एक केशरी, मऊ, बी काढलेला. दुसरा तपकिरी, सुरकुतलेला, आत बी असलेला. त्याला इथे सगळे खुबानीच म्हणतात. हात आधी केशरीकडे जातो. पण नागपूरकराने तरी फळाच्या रंगावर भाळू नये. आपला आंबिया बहाराचा संत्रा साल हिरवट असतानाच आतून गोड झालेला असतो.

केशरी जर्दाळू बहुतेक तुर्कस्तानातून येतो, विशेषतः मालात्या प्रांतातून. वाळवण्याआधी त्याला गंधकाची धुरी देतात, म्हणून रंग टिकतो. पाकिटावर सल्फर डायऑक्साइड किंवा २२० हा क्रमांक शोधा. धुरीचा फायदाही आहे, कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व जास्त टिकतं. पण घरात कुणाला दमा असेल तर हा प्रकार आणूच नका. सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना धाप लागते. बाकीच्यांना मुलांच्या डब्यात द्यायला, प्रवासात खायला किंवा केकमध्ये चिरून घालायला केशरीच सोयीचा.

गोड पदार्थ करायचा असेल तर मात्र खुबानीच घ्या, यात मला शंका नाही. काश्मीर, लडाख, अफगाणिस्तानकडचं हे फळ सहसा नुसत्या उन्हात वाळवलेलं असतं. रंग काळवंडतो, पण चव दाट होते. रात्रभर भिजत घाला, सकाळी बिया काढा आणि त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवा. साखर चाखूनच घाला, कित्येकदा लागतही नाही. वरून घट्ट साय. हैदराबादचा खुबानी का मीठा असाच होतो. केशरी जर्दाळूचा केला तर आंबटपणा पुढे येतो.

बिया फेकू नका. फोडून आतला गर आधी जिभेला लावून बघा. बदामासारखा गोड लागला तर मिठाईवर पेरा. कडू लागला तर टाकून द्या, मुलांच्या हाती लागू देऊ नका. कडू गरातल्या अमिग्डालिन नावाच्या घटकापासून पोटात सायनाइड तयार होतं. लडाखच्या रक्त्से कार्पो जातीची बी पांढरी आणि गर गोड असतो. या जातीला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती मिळाली तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

भाव तोलताना एवढं लक्षात घ्या, की खुबानीच्या किलोत बियांचंही वजन असतं.

ताज्या जर्दाळूच्या मागे इथे फारसं लागू नये. साल नाजूक, हिमाचल-काश्मीरहून येईपर्यंत फळ दबतं. वाळवलेला कुठलाही घ्या, नागपूरच्या मे महिन्यात तो ओट्यावरच्या बरणीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळाभर बाहेर राहिला तर केशरीसुद्धा काळा पडतो.